साधा मागवा, तिखट घरचं घाला

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. इंदूरच्या सुदामानगरात राहता, दर शनिवारी रात्री दोन मीडियम ‘स्पायसी’ पिझ्झे मागवता. थोरला १३ वर्षांचा, त्याला नाकातून पाणी आल्याशिवाय पिझ्झा खाल्ल्यासारखं वाटत नाही. धाकटी ८ वर्षांची, ती वरचं सगळं वेचून टाकते आणि काठ तेवढे खाते. मिस्टर रात्री बाराला उठून अँटासिड शोधतात. घरी तीनदा करून पाहिलात: एकदा पापड झाला, एकदा मधे कच्चा राहिला, तिसऱ्यांदा बरा जमला तर मुलं म्हणाली, ‘आई, ही पोळीवर चीज आहे.’ मग घरचा शिकावा की बाहेरचाच मागवत राहावं? शेवटच्या ओळीत बेकरीतल्या तयार बेसबद्दलही विचारलंय, त्याचं सगळ्यात शेवटी सांगते.

आमचं अन्नपूर्णा रोडकडे छोटं टेकअवे काउंटर होतं, १३ वर्षं चालवलं. बसायला जागा नाही. फोन घ्यायचा, भाजायचा, डब्यात घालायचा, पाठवायचा. आता ते बंद करून घरी बेकिंगचे क्लास घेते. त्यामुळे डब्यातला पिझ्झा आणि घरच्या ओटीजीतला, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमधला पिझ्झा, दोन्हींची खोड मला ठाऊक आहे.

मला वाटतं, तुमचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मुलांना बाहेरचा आवडतो तो तिखटासाठी की बेससाठी, हे तुम्हीही वेगळं करून पाहिलेलं नाही. ‘पोळीवर चीज’ ही तक्रार बेसची आहे. अँटासिड आणि धाकटीचं वेचणं ही तक्रार तिखटाची. घरी करताना तुम्ही दोन्ही एकदम सोडवायला गेलात, म्हणून तिन्ही वेळा वैताग झाला. बेस शिकायला चार-पाच शनिवार लागतील. तिखटाचं मात्र याच शनिवारी जमेल, त्यासाठी घरी काही भाजायचीही गरज नाही.

आधी काउंटरच्या आतली गोष्ट सांगते. पिझ्झा डब्यात पंचवीस मिनिटं बसला की कुरकुरीतपणा जातो, चीज थिजतं, ओरेगॅनोचा वास पुठ्ठ्याच्या वासात मिसळतो. तिखट तेवढं जसंच्या तसं पोचतं. म्हणून टेकअवेवाल्याला तिखट फार आवडतं. आम्हीही ‘तिखा’ पिझ्झ्याला साध्यापेक्षा ४० रुपये जास्त लावायचो आणि वर पडणारा माल असायचा चार-पाच रुपयांचा. कालची सिमला मिरची साध्या पिझ्झ्यावर लगेच ओळखू येते, मसाल्यात घोळवलेली खपून जाते. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही, पण मी केलंय. वर गिऱ्हाईक स्वतःच सांगायचं, ‘दीदी, थोड़ा और तीखा’. इंदूरला नाही कोण म्हणणार?

आता तिखट लागतं कसं ते बघा, कारण पुढचा सल्ला त्यावर उभा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या ग्राहीला ते चिकटतं, तोच साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही जागा होतो. ते हुडकणाऱ्या संशोधकाला २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यामुळे तीच मिरची गरम घासात जास्त झोंबते आणि कोमट घासात कमी. शिवाय चीजमधलं स्निग्ध कॅप्सेसिन धरून ठेवतं, म्हणजे सॉसमध्ये, चीजच्या खाली घातलेलं तिखट जिभेला लगेच कळतच नाही. दुकानात डब्यातल्या कोमट, चीजखाली दबलेल्या घासालाही झणका यावा लागतो, म्हणून मग सॉसमध्ये तिखट, पनीरच्या मसाल्यात तिखट, वर हॅलपिनो मिरची आणि सोबत चिली फ्लेक्सच्या पुड्या. खाताना बेताचं वाटतं, पण पोटात चारही थर जातात.

आपल्या शहराला हे फार आधीपासून कळलंय. पोह्यांवर जीरावन मसाला आपण वरून भुरभुरतो, फोडणीत घालत नाही. ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं घ्यावं, पोहे सगळ्यांचे एकच. उलट सराफा बाजारातला भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा कीस बघा. मिरची तुपात आणि दुधात शिजते, म्हणून हिरव्या मिरच्या दिसत असूनही तो मऊ लागतो. वरून घातलेलं तिखट लगेच बोलतं, स्निग्धात शिजलेलं दबून राहतं. पिझ्झ्यालाही हाच हिशेब लावायचा.

म्हणून याच शनिवारी काय करायचं तर साधा पिझ्झा मागवायचा. मार्गरिटा किंवा कांदा-कॉर्न. फोनवर दोन गोष्टी सांगा: ‘थोड़ा कड़क सेंकना’ आणि ‘काटना मत’. कापलेल्या पिझ्झ्यात सॉस आणि सुटलेलं तेल चिरांमधून खाली उतरतं आणि बेस तळाकडून भिजतो. न कापलेला बराच टिकतो. घरी आल्यावर डबा उघडून बाजूला करा, पिझ्झा बिडाच्या गरम तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. झाकण ठेवू नका, वाफ घालवण्यासाठीच तर हा खटाटोप. मग कापा. तीन तुकडे धाकटीचे तसेच ठेवा, बाकीच्यांवर घरचं मिरचीचं तेल सोडा. थोरल्याला त्याच्या मापाचा झणका मिळतो, तोही गरम घासावर, त्यामुळे कमी मिरचीत भागतं.

हे तेल एकदा करून ठेवा, तीन आठवडे पुरेल. शंभर मिली सोयाबीनचं रिफाइंड घ्या. शेंगदाण्याच्या तेलाचा स्वतःचा वास असतो, तो इथे आड येतो. दोन मोठे चमचे जाडसर कुटलेली निमाडी मिरची, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या मंडीतून आपल्याकडे येते तीच, आणि रंगाला एक चमचा काश्मिरी. तेल तापवून त्यात मिरचीची एक बी टाका. ती हलकेच चुरचुरली आणि काळी पडली नाही, की गॅस बंद. दोन मिनिटं थांबून मग मिरची आणि पाव चमचा मीठ घाला. धूर आलेल्या तेलात मिरची टाकलीत तर कडूच होणार, मग ते सिंकमध्ये. लसूण घालायचा मोह होईल. घातलात तर तेल फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. तेलात बुडालेल्या ओल्या लसणात बाहेरच्या तापमानाला बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्याचा ना वास येतो ना बुरशी दिसते. मी लसूण घालतच नाही.

तेल नको असेल तर जीरावनही चालतं, विशेषतः कांदा-कॉर्नवर. फक्त मग ओरेगॅनोची पुडी फोडू नका. काळं मीठ-आमचूर आणि ओरेगॅनो एका घासात भांडतात. शेव घालायची असेल तर ती भाजून झाल्यावर, अगदी खाताना. कोणीतरी माझ्या क्लासात चीजखाली लोंग (लवंगेची) शेव घातली होती, लगदा झाला.

आता घरचा बेस. तुमचा पापड का झाला? तुम्ही लिहिलंय की १८० अंशांवर पंचवीस मिनिटं भाजला. केकची सवय आहे ही. पिझ्झ्याला उलट हवं असतं, जास्त उष्णता आणि थोडा वेळ. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तो दीड मिनिटाच्या आत निघतो, तिथली फरशी ४०० अंशांच्या आसपास असते. पण त्या नादी लागू नका. साखळी दुकानांतल्या पट्ट्याच्या ओव्हनमध्ये तापमान साधारण २५० च्या आसपास आणि वेळ सहा-सात मिनिटं असते. म्हणजे आकडा तुमच्या ओटीजीच्या आवाक्यातलाच आहे. फरक एवढाच की तिथे गरम हवेचे झोत वरून-खालून आदळतात, तुमच्याकडे हवा नुसती उभी असते. ती कसर तव्यानं भरून काढायची.

माझी पद्धत सांगते. ओटीजी पूर्ण २५० वर, दोन्ही रॉड चालू, निदान पंचवीस मिनिटं आधी. दहा मिनिटांत दिवा विझतो तो हवा तापली म्हणून, लोखंड अजून तापलेलं नसतं. त्याच वेळी गॅसवर बिडाचा तवा चांगला तापवा. थापलेला बेस त्यावर टाकला की तळाला फोड येतात, भाकरीला येतात तसे. दीड-दोन मिनिटांत खालून डाग पडले की तव्यावरच पटापट सॉस, चीज आणि बाकीचं घाला आणि पिझ्झा सरकवून वरच्या रॅकवर ठेवा, पाच ते सहा मिनिटं. तळ तव्यानं भाजला, वरचं रॉडनं. कच्चा राहण्याचा प्रश्न इथेच संपतो. पहिल्या वेळी सरकवताना निम्मं चीज ओट्यावर पडेल, माझंही पडलं होतं. पत्र्याच्या ताटाची पाठ वापरा आणि आधी रिकाम्या बेसवर सराव करा.

पिठाचं माप, दोन दहा इंची पिझ्झ्यांसाठी: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १८५, मीठ ६, साखर एक लहान चमचा, तेल एक मोठा चमचा, इन्स्टंट यीस्ट पाव लहान चमचा, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. वाटीनं मोजू नका, वजनकाटा घ्या. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा चिकट वाटतं आणि तिथेच आपला हात सुटतो: आपण मुठीनं मैदा टाकत जातो. टाकू नका. मिसळून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग मळा, चिकटपणा आपोआप कमी झालेला असतो. गोळे करून तेल लावलेल्या डब्यांत घाला आणि रात्रभर फ्रीजमध्ये. शुक्रवारी भांडी आवरताना भिजवा, शनिवारी रात्री भाजा. थंडीत सावकाश फुगलेल्या पिठाला चव येते आणि पिष्टातून साखर सुटलेली असते, त्यामुळे रंगही लवकर धरतो. तासाभरात फुगवलेल्या पिठाला मैदा आणि यीस्ट एवढाच वास असतो. ‘पोळीवर चीज’ या वाक्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर लाटण्यात आहे. लाटणं घेऊ नका. रात्रभर जमलेली हवा तुम्ही दोन फेऱ्यांत बाहेर काढता, वर आपण काट्यानं टोचतोही, मग उरते ती पोळीच. बोटांनी मधून बाहेर दाबत जा आणि कडेचं बोटभर अंग सोडून द्या. गोळा मागे खेचला जात असेल तर तो अजून थंड आहे, पंधरा मिनिटं झाकून थांबा.

ऋतूचं भान मात्र ठेवावं लागतं. काउंटरच्या पहिल्याच मे महिन्यात फ्रीज भरला म्हणून एका रात्री १५ किलो पीठ बाहेर राहिलं. सकाळी शटर उघडलं तर डब्यांची झाकणं जमिनीवर, पीठ कडेनं लोंबतंय आणि सगळीकडे दारूच्या गुत्त्यासारखा वास. सगळं टाकावं लागलं. मेमध्ये फ्रीजमधून काढल्यावर अर्धा तास पुरतो, जानेवारीत दीड तासही कमी पडतो. काही जण या सगळ्याचं खापर नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर फोडतात. पाण्याचा दोष नसतो, तापमानाचा असतो.

गव्हाचं पीठ घालायचं असेल तर ९० ग्रॅमपर्यंत शरबती किंवा लोकवनचं घाला आणि पाणी पंधरा-वीस ग्रॅम वाढवा, चक्कीचं पीठ जास्त पाणी पितं. बाफल्यांचं, म्हणजे उकडून भाजायच्या बाट्यांचं जाडसर पीठ मात्र नको. ते कठिया या कडक जातीच्या गव्हाचं असेल तर ताणलंच जात नाही, तुटतं.

सॉस लोक फार घालतात. दहा इंचाला तीन मोठे चमचे, बस. टोमॅटो आटवताना चमचा फिरवल्यावर भांड्याचा तळ क्षणभर उघडा राहिला पाहिजे. त्यात तिखट घालू नका, कारण वर सांगितलंच. चीज १०० ग्रॅम मोझरेला, ठोकळा आणून स्वतः किसलेलं, आणि खारटपणासाठी वाटलं तर थोडं साधं प्रोसेस्ड. नुसत्या प्रोसेस्ड चीजच्या क्यूबवर केलात तर ते वितळतं पण तार सुटत नाही. पनीरला आधी थोडं दही-तेल चोळा, नाहीतर रबर होतं. हॅलपिनोऐवजी भज्यांची जाडी मिरची गोल चिरून व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. आतली पांढरी शीर काढलीत तर धाकटीही खाईल. तिखट बियांत असतं असा समज आहे, ते खरं त्या शिरेत असतं.

पैशाचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण सांगते. घरच्यात चीजचाच काय तो खर्च. मैदा-टोमॅटो मिळून काहीच नाही. मागवताना आकाराकडे बघा: सात इंची पिझ्झा म्हणजे ३८ चौरस इंच, दहा इंची म्हणजे ७८. दोन लहान घेण्यापेक्षा एक मोठा बहुतेक वेळा स्वस्त पडतो. तिखट वरून घालायचं ठरलं की साध्या-तिखटासाठी दोन वेगळे मागवायचीही गरज उरत नाही.

मिस्टरांबद्दल. घरचा केला की जळजळ जाईल असं मी सांगणार नाही. चीजचं स्निग्ध पोटात वेळ काढतं, टोमॅटो आंबट, त्यात साडेदहाला खाऊन सव्वाअकराला आडवं व्हायचं. मिरची अर्धी केली तरी ही तीन कारणं उरतातच. आठला जेवा, झोपायच्या आधी दोन-तीन तास जाऊ द्या. दर आठवड्याला गोळी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो पिझ्झेवालीचा प्रांत नाही. आणि मिठाचं बघा: वरच्या मापात एका पिझ्झ्याच्या पिठात ३ ग्रॅम, चीजमध्ये दीडच्या आसपास, सॉसमध्ये थोडं. म्हणजे घरचा, स्वच्छ, प्रेमानं केलेला अख्खा दहा इंची पिझ्झा एकानं संपवला तर जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं दिवसाचं ५ ग्रॅम मीठ तिथेच झालं. घरचा म्हणून दोन जास्त खावेत असं काही नाही.

कुठे मागवणं शहाणपणाचं, हे तुमच्या घरावर आहे. दुकान दहा मिनिटांवर असेल तर बाहेरचाही बरा पोचतो, पाऊण तासावरून येत असेल तर कोणाचाच नाही. चार माणसांना घरचे दोन पिझ्झे आरामात होतात. आठ पाहुणे असतील तर नको: ओटीजीत एका वेळी एकच मावतो, प्रत्येकानंतर तो पुन्हा तापायला पाच-सात मिनिटं घेतो, शेवटचा निघेपर्यंत पहिला खाणारे हात धुऊन पत्ते मांडून बसलेले असतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मीही मागवते. साधा, न कापलेला.

राहिला बेकरीचा तयार बेस. चालतो, पण तो आधीच भाजलेला असतो हे लक्षात ठेवा. त्याला पुन्हा पंधरा मिनिटं भाजलंत की टोस्ट होतो. ताजा निवडा, दाबल्यावर वर येणारा. दोन्ही बाजूंना हाताला लागेल एवढंच तेल पुसा, बिडाच्या तव्यावर खालची बाजू मिनिटभर शेका, सॉस दोनच चमचे, चीज नेहमीएवढं आणि २५० वर वरच्या रॉडखाली चार मिनिटं. बेस शिकेपर्यंतचे चार-पाच शनिवार यावर काढा, मिरचीचं तेल तेवढ्यात एकदा नव्यानं करावं लागेल.